जेवणानंतरची प्रार्थना

९ जानेवारी २०२२

विला,

तुझा पत्ता ट्रुडीने दिला. तिच्यावर रागावू नकोस. मी दोन दिवस तिच्या मागे भुणभुण लावली तेव्हा कुठे तिने एका पावतीच्या मागे लिहून दिला. कॅलमझू काही चंद्रावर नाही, तासाभराचा रस्ता आहे. पण तू फोन उचलत नाहीस, आणि न विचारता दारात येऊन उभा राहिलो तर तू काय करशील हे मला ठाऊक आहे. तू आठ वर्षांची असताना मला बर्फात बाहेर ठेवून आतून कडी लावली होतीस आणि मी तेव्हा बावीस वर्षांचा घोडा होतो. म्हणून पत्र.

इकडचं बरं चाललंय. तुझ्या जागी स्वयंपाकघरात ब्राइस नावाचा माणूस आणलाय. स्वभावाने गरीब आहे, पण तुझ्या मटाराच्या सुपात चमचा उभा राहायचा, त्याच्या सुपात बुडून जातो. पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या लेनर्डने वाडगं पुढे सरकवून विचारलं, "काय रे, हे सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी?" ब्राइस बिचारा लाल झाला. दुपारच्या मोफत जेवणाला माणसं पूर्वीइतकीच येतात, नव्वद-शंभर. लोणच्याच्या त्या जुन्या कारखान्यात व्हिनेगरचा वास अजून येतो आणि हीटर अजून मलाच लाथ घालून सुरू करावा लागतो. एवढंच की आता जेवून लोक लगेच उठतात.

कामावरून काढलं म्हणून तू संस्थेवर दावा लावलास हे कळलं. मला त्यात पडायचं नाही. मी व्हॅन चालवतो, बॉयलर बघतो. मला कोणी काही विचारलेलं नाही आणि मी कोणाला काही सांगितलेलं नाही, एवढं लक्षात ठेव. चूक झाली असेल तर ती ट्रुडीची. तुझ्या लग्नाचा फोटो तिने आनंदाच्या भरात कामावरच्या फ्रिजवर लावला. तू आणि रेनाटा, दोघींच्या हातात केकची सुरी. शुक्रवारी लावला आणि सोमवारी रॉनने तुला ऑफिसात बोलावलं. ट्रुडी अजून फ्रिजसमोरून जाताना रडते. रॉन वाईट माणूस नाही, संचालक आहे, त्याला विश्वस्तांचं ऐकावं लागतं. नोकरीला लागताना वर्तनाच्या अटींवर आपण सगळ्यांनीच सह्या केल्या होत्या. मीही केली होती. वाचतं कोण?

लग्नाला मी आलो नाही, कारण व्हॅनचे ब्रेक गेले होते.

उत्तर लिही. चार ओळी लिहिल्यास तरी चालेल.

गेरिट

२७ फेब्रुवारी २०२२

विला,

ट्रुडीकडून कळलं की माझं प्रतिज्ञापत्र तुझ्या वकीलबाईंकडे पोचलंय. म्हणजे गेल्या पत्रात मी थापा मारल्या हे तुला कळलेलं आहे. बरं झालं. 

काय झालं ते सांगतो. नाताळाच्या आधी संस्थेचा वकील आला. ब्रेंट म्हणून पोरगा आहे, आपल्यापैकीच, त्याचा आजा आणि आपला बाप एकाच बाकावर बसून प्रवचनात पेपरमिंट चघळायचे. सोबत नाताळातली बदाम भरलेली गोड वळकटी घेऊन आला होता, अख्खी. बॉयलरच्या खोलीत माझ्याशेजारी बादली उलटी घालून बसला, चांगला सूट घालून. म्हणाला, "काका, मला फक्त विलाबद्दल सांगा. ती कशी होती कामाला?"

आता मला सांग, या प्रश्नाला भाऊ काय उत्तर देईल? तू कामावरून गेल्यापासून सगळे तुझं नाव टाळत होते. फ्रिजवरचा फोटो गेला, तुझा एप्रनसुद्धा खुंटीवरून गेला. आणि हा पोरगा म्हणतो, सांगा. मी सुटलोच. सांगितलं, की आपल्याकडे घरोघरी जेवण झाल्यावर शास्त्र वाचतात, प्रार्थना म्हणतात आणि मगच उठतात, पण विलासारखं कोणी म्हणत नाही. एप्रनला हात पुसत ती बाहेर यायची, चार ओळी वाचायची आणि मग एकेकाचं नाव घेऊन मागायची. लेनर्डचा पाय, डॉटचा घरमालक, कोणाच्या तुरुंगातल्या मुलाची तारीख. नव्वद माणसं चमचा खाली ठेवून बसायची. काही जण तर जेवण संपल्यावर यायचे, नुसते तेवढ्यासाठी. लग्नात नवरीचा बाप बोलतो तसा मी बोलत होतो. तुझ्या लग्नात बोललो नाही ते सगळं त्या बॉयलरच्या खोलीत बोललो.

त्याने विचारलं, "हे काम तिला कोणी दिलं?" मी म्हटलं, मीच. त्याने विचारलं, "तुम्ही तेव्हा चर्चच्या मंडळीचे पंच होता?" होतोच की, अजून आहे. त्याने लिहून घेतलं. आठवड्याने टाईप करून आणलं, तेव्हा त्यात होतं की मंडळीच्या पंचाने विला हिला लोकांच्या आत्मिक सेवेसाठी नेमलं आणि बारा वर्षं तिने पाळकाचं, म्हणजे धर्मगुरूचं, काम केलं. मी म्हटलं, अरे, मी असं कुठे म्हणालो? तो म्हणाला, "काका, शब्द आमचे, पण अर्थ तोच ना?" अर्थ तोच होता. मी सही केली.

कशासाठी हवं होतं ते मला नंतर कळलं. रेनाटा खुर्च्यांच्या ज्या कारखान्यात कामाला आहे तिथे तिला कोणी हात लावू शकत नाही, बाईने बाईशी लग्न केलं म्हणून साध्या कारखान्यातल्या माणसाला नोकरीवरून काढता येत नाही. ट्रुडी सांगत होती, तिथल्या लोकांनी तर अभिनंदनाच्या कार्डावर सह्या करून दिल्या. पण धर्माच्या संस्थेने आपल्या पाळकाला काढलं, तर का काढलं हे कोर्ट विचारतच नाही. स्वयंपाकीण असलीस तर कायदा तुझा. पाळक असलीस तर तू रॉनची. म्हणून तुला पाळक करायचं होतं. आपल्या मंडळीत आजही बाईला पाळक होता येत नाही, विला. फक्त कामावरून काढण्यापुरतं होता येतं.

शपथेवर सांगतो, सही करताना मला हे माहीत नव्हतं.

थोडंसं माहीत होतं. ब्रेंट जरा जास्तच गोड बोलत होता आणि त्याने वळकटीचा एक तुकडासुद्धा स्वतः खाल्ला नाही.

आणखी एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही, ती तुला सांगतो. जेवणानंतर म्हणायचं काम माझं होतं. जुन्या संचालकांनी मला सांगितलं होतं, पंच म्हणून. मी तीन दिवस उभा राहिलो. तिन्ही दिवस जीभ टाळ्याला चिकटली, घशातून नुसता घरघराट. चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरात येऊन तुला म्हटलं, "तू म्हण गं, मला व्हॅनचं बघायचंय." तू भांडं घासत होतीस. म्हणालीस, "रोज रोज व्हॅनचं काय बघतोस रे, लग्न लावून घे तिच्याशी." आणि बाहेर गेलीस. ही तुझी नेमणूक. ही तुझी दीक्षा.

गेरिट

१९ मे २०२२

विला,

तुझ्या पर्डीबाईंचं पत्र आलं. लेटरहेडवर, तीन ओळींचं. 'माझ्या अशिलाला दाव्यासंबंधी पत्र लिहू नये.' बाईंचं अक्षर दिसत नाही, पण धाक दिसतो. ठीक आहे. दाव्यासंबंधी एक अक्षर लिहिणार नाही.

लेनर्डबद्दल लिहितो. त्याला तर कोणत्या वकिलाची हरकत नाही ना?

पाय काळा पडला आणि मग झपाट्याने गेलं सगळं. मी रोज व्हॅन घेऊन हॉस्पिटलात जायचो. मंगळवारी त्याने डोळे उघडले आणि मला म्हणाला, "तू नको. ती कुठंय?" मी म्हटलं, कोण? "अरे, ती. सूपवाली. तिला म्हणावं ये, मला निघायचंय." पाळक येऊन गेले होते, त्यांनी स्तोत्र वाचलं, हात धरला, सगळं रीतसर केलं. लेनर्डने त्यांचे आभार मानले आणि ते गेल्यावर परत विचारलं, "आली का?" मी रॉनला फोन केला. रॉन म्हणाला, "गेरिट, प्रकरण कोर्टात आहे, आत्ता आपण तिला बोलावलं तर त्याचा वेगळा अर्थ निघेल." मी तुला सरळ फोन करू शकलो असतो. तू उचलला नसतास हे कारण मी स्वतःला सांगितलं. बुधवारी दुपारी तो गेला. शेवटी मीच त्याचा हात धरून काहीतरी म्हणायला गेलो, तर म्हणाला, "राहू दे, तुला जमत नाही."

दफनभूमीत तू मागे उभी होतीस. मला वाटलं नव्हतं तू येशील. राखाडी कोट, रेनाटाचा हात धरलेला. पाळक बोलत होते आणि तुझे ओठ हलत होते. पुढे उभे असलेले आपले जेवणारे, डॉट, तो एक डोळा मिटलेला माणूस, सगळे मान वळवून तुझ्याकडे बघत होते. पाळकांनी ते पाहिलं आणि आवाज चढवला.

तू माझ्याशी बोलली नाहीस. रेनाटा आली माझ्याजवळ, गाडीपाशी. मी पहिल्यांदाच तिच्याशी बोललो, लाज वाटते सांगायला. मला वाटलं होतं शिव्या घालेल. तिने विचारलं, "तुमचा गुडघा कसा आहे? विला म्हणत होती थंडीत धरतो." मग म्हणाली, "काही महिन्यांनी पर्डीबाई तुम्हाला जबानीला बोलावतील. तेव्हा एवढंच सांगा, की ती स्वयंपाकीण होती. या भागात घरोघरी जेवणानंतर कोणीतरी प्रार्थना म्हणतं. मग घरोघरी पाळक राहतात का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग तेवढंच म्हणा. तिला ती नोकरी परत हवीय, गेरिट. तिला दुसरीकडे कुठे स्वयंपाक करायचा नाहीये. शाळेत मिळत होतं, तिने नाही घेतलं. रोज अकरा वाजता घड्याळ बघते."

मी वचन दिलं. तुला ते तिने सांगितलंच असेल.

हे पर्डीबाईंना दाखवू नकोस. शेवटी शेवटी दाव्याचं आलंच.

गेरिट

२ ऑक्टोबर २०२२

विला,

जबानीची तारीख आली, नोव्हेंबरची दहा. मी पाठ करतोय. तिला पाळकाचं शिक्षण नव्हतं. झगा नव्हता. पगारपत्रकावर 'स्वयंपाकघर' लिहिलेलं होतं. प्रार्थना म्हणण्याचं काम कामाच्या यादीत नव्हतं. ते माझं काम होतं आणि माझा घसा बसतो म्हणून मी तिच्या गळ्यात मारलं. व्हॅन चालवताना मोठ्याने म्हणतो. परवा सिग्नलला शेजारच्या गाडीतली बाई काच खाली करून म्हणाली, "सगळं ठीक आहे ना, आजोबा?"

रॉनने मला तुझी जबानी वाचायला दिली. द्यायला नको होती बहुतेक, पण दिली. तुला विचारलंय, जेवणानंतर तुम्ही जे म्हणत होता ते काय होतं? तू म्हणालीस, "सवय होती. आमच्या गावात सगळेच म्हणतात." मग विचारलंय, तुम्ही लोकांची नावं घेत होता, ते का? तू म्हणालीस, "वेळ जायला. भांडी भिजत असायची तोवर." मग, तुम्हाला त्यात काही विशेष वाटत होतं का? "नाही."

ते पान मी तीनदा वाचलं. शपथेवर असं बोलताना तुझा चेहरा कसा झाला असेल हे डोळ्यांसमोर येईना. तुला आजवर खोटं बोलताना मी पाहिलेलंच नाही. लहानपणी काचेची बरणी फुटली की तू स्वतः जाऊन सांगायचीस आणि मग मी फोडलेल्या बरण्यांचंही सांगायचीस.

पण मला समजतं. नोकरी हवी तर असंच बोलावं लागतं. मीही तेच बोलेन.

आता एक सांगायचं आहे. ते जबानीआधी सांगायला हवं, नाहीतर तिथे तुझ्याकडे बघता येणार नाही.

१९९६ साल. तू तेवीस वर्षांची. चर्चच्या वरच्या सभेने परवानगी दिली होती, की ज्या मंडळीला बाई पाळक चालेल तिने आपापलं ठरवावं. तू पाळकाच्या शिक्षणासाठी अर्ज भरलास. मंडळीच्या पंचांचं शिफारसपत्र लागत होतं. नऊ पंच, मी सगळ्यांत नवा. चिठ्ठ्यांवर मतं झाली. पाच विरुद्ध चार, तू पडलीस. बाहेर गाडीत बसून तू वाट पाहत होतीस. मी येऊन म्हटलं, "सॉरी पोरी. मी तुझ्या बाजूने टाकलं होतं, पण म्हातारे ऐकेनात." तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवलंस आणि म्हणालीस, "तू होतास ना, बास." सव्वीस वर्षं तू हे लोकांना सांगतेस. रेनाटालाही सांगितलं असशील.

मी तुझ्या बाजूने टाकलं नव्हतं. ते पाचवं मत माझं होतं.

का, ते विचारू नकोस. खरं म्हणजे विचार. शास्त्राचं कारण मी तेव्हा देऊ शकलो असतो. खरं कारण एवढंच, की माझी धाकटी बहीण तिथे वर उभी राहून बोलेल आणि मी खाली बाकावर पेपरमिंट चघळत बसेन हे मला झेपलं नाही. तू शिकायला गेली नाहीस. लोणच्याच्या कारखान्यात स्वयंपाकीण झालीस. लोकांना वाटतं तुला स्वयंपाकाची आवड होती.

दहा तारखेला हे सगळं फेडतो. तुझ्यासाठी एकदा तरी नीट तोंड उघडतो.

गेरिट

१७ नोव्हेंबर २०२२

विला,

हे पत्र तू उघडणार नाहीस. तरी लिहितो, कारण तिथे काय झालं ते तू पाहिलंस, पण माझ्या आत काय झालं ते पाहिलं नाहीस.

पर्डीबाईंच्या प्रश्नांना मी ठरल्याप्रमाणे उत्तरं दिली. शिक्षण? नव्हतं. झगा? नव्हता. कामाच्या यादीत? नव्हतं. घरोघरी म्हणतात? म्हणतात. मी नजर वर करून बघितलं तर तू टेबलापलीकडे हात बांधून बसली होतीस आणि तुझा खांदा जरासा सैल झाला होता. माझं पत्र मिळालं होतं का नव्हतं हे मला कळेना. पण तू माझ्याकडे बघून मान हलवलीस, अगदी थोडी, शाब्बास म्हटल्यासारखी. तिथेच थांबलं असतं तर.

मग ब्रेंटची पाळी. तो कागद न बघता बोलतो, तू पाहिलंस. "काका, लेनर्ड नावाचे एक गृहस्थ होते ना?" मी म्हटलं, होते. "शेवटच्या दिवसांत त्यांच्याजवळ पाळक आले होते?" आले होते. "मग त्यांनी कोणाला बोलवायला सांगितलं?" मी म्हटलं, विलाला. "सूप आणायला?" खोलीत कोणीतरी हसलं, टाईप करणारी बाई असावी. मी म्हटलं, नाही. "मग कशाला?"

पर्डीबाई हरकत घेत काहीतरी म्हणाल्या. ब्रेंटने वाट पाहिली. मग पुढे वाकून हळू आवाजात म्हणाला, "काका, तुम्ही सव्वीस वर्षं पंच आहात. चांगला पाळक, वाईट पाळक, सगळे बघितलेत. शपथेवर सांगा. त्या नव्वद लोकांसाठी विला कोण होती?"

'स्वयंपाकीण.' एवढाच शब्द होता. व्हॅनमध्ये हजारदा म्हटलेला. तो तोंडात आलासुद्धा. पण समोर तू होतीस आणि तुझ्याकडे बघत दुसऱ्यांदा तुझ्याविरुद्ध मत टाकायचं माझ्याच्याने होईना. मला तेव्हा ते तसंच दिसलं, विला. सव्वीस वर्षांपूर्वीची तीच चिठ्ठी परत हातात दिली होती कोणीतरी, आणि या वेळी मी खरं लिहिणार होतो.

मी म्हणालो, "ती त्यांची पाळक होती. माझीही. मला आयुष्यात दुसरी मिळाली नाही."

ब्रेंट म्हणाला, "आभारी आहे काका, मला आणखी काही विचारायचं नाही."

तू उठलीस. पर्डीबाईंनी तुझ्या बाहीला धरलं तरी उठलीस. रागाने बोलली असतीस तर मला सोसलं असतं. तू अगदी हळू विचारलंस, "आत्ता, गेरिट? आत्ता?"

आणि मग कळलं की पत्र तुला मिळालं होतं.

माझ्यासारखा शेण खाणारा माणूस या जिल्ह्यात दुसरा नसेल. तुला हवं होतं तेव्हा मी नाही म्हणालो. तुला नाही हवं होतं तेव्हा हो म्हणालो. दोन्ही वेळा मला वाटलं, मी देवाचं ऐकतोय.

गेरिट

२६ मार्च २०२३

विला,

निकाल तू वाचला असशीलच. मला रॉनने ऑफिसात बोलावून दाखवला. अकरा पानं. आठव्या पानावर न्यायाधीशांनी माझी तीन वाक्यं जशीच्या तशी घातलीत. पुढे लिहिलंय की स्वतः वादीच्या सख्ख्या भावाने, मंडळीच्या अनुभवी पंचाने, असं सांगितल्यावर शंकेला जागा उरत नाही. तेव्हा तिला का काढलं या प्रश्नात कोर्ट शिरू शकत नाही. दावा फेटाळला. लग्नाबद्दल अकरा पानांत एक ओळ. तुझ्या कामाबद्दल इतकं चांगलं मी कुठे वाचलेलं नाही, आणि त्याच कागदाने तुला घालवलं.

रॉनने हात पुढे केला. मी माझे हात खिशातच ठेवले. त्याच दिवशी व्हॅनची किल्ली ट्रुडीकडे दिली.

मग मी आणखी एक उद्योग केला. पंचांच्या बैठकीत उभा राहिलो. म्हटलं, "आपल्या संस्थेने कोर्टात शपथेवर सांगितलं की विला बारा वर्षं पाळक होती. आपल्यातले तिघे त्या संस्थेचे विश्वस्त आहेत. तर मंडळीच्या वहीत पाळकांच्या नावांची यादी आहे, त्यात तिचं नाव लिहा. साल २००९ ते २०२१."

मग आल्विन, जो माझ्यासोबत त्या शहाण्णवच्या बैठकीत होता, तो म्हणाला, "गेरिट, बस खाली. ते कायद्यापुरतं होतं."

"म्हणजे खोटं होतं?"

"खोटं कशाला? कायद्यापुरतं."

मी म्हटलं, "आल्विन, मग मी कोणापुढे शपथ घेतली?" त्यावर पाळक म्हणाले की आपण सगळेच थकलो आहोत, समारोपाची प्रार्थना करू या. मी प्रार्थनेआधीच बाहेर पडलो. जन्मात पहिल्यांदा. पंचपदाचा राजीनामा पोस्टाने पाठवला.

यातलं काहीही तुझ्या उपयोगाचं नाही, मला कळतं. मी शूरपणा दाखवतो तोही नेहमी गाडी निघून गेल्यावर.

हे पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या रविवारी रेनाटाचा फोन आला. तुला न सांगता केला होता, तेव्हा तिला बोलू नकोस. मला वाटलं, पुन्हा पत्र लिहू नका म्हणून सांगायला केलाय. मग म्हणाली, "गेरिट, तुम्ही तिला लहानपणापासून ओळखता म्हणून विचारते. ती आता जेवण झालं की उठते. ताट धुते, पुसते, जागेवर ठेवते. काही म्हणत नाही. मी कॅथलिक घरातली, आमच्याकडे जेवणानंतरचं असं काही नव्हतं. हिच्याशी राहायला लागल्यावर मला सवय लागली, आता मी वाट बघत बसते. काल मी म्हटलं, विला, म्हण ना. सोमवारी माझ्या आईचं ऑपरेशन आहे, तिचं नाव घे. तर म्हणाली, मी कोर्टात सांगितलंय ना, ती नुसती सवय होती. मी म्हटलं, अगं, ते तर नोकरीसाठी सांगितलंस. तर म्हणाली, हो, आणि नोकरी तर मिळाली नाही. मग आता ते खरंच म्हणून राहू दे."

रेनाटाने मला विचारलं, हे परत येईल का. मी म्हटलं, माहीत नाही. तिच्या आईचं नाव विचारून घेतलं. ग्रासिएला. फोन ठेवल्यावर मी टेबलापाशी बसलो आणि तिचं नाव घेऊन म्हणायचा प्रयत्न केला. नाव तेवढं घेतलं, पुढचं आलं नाही.

मी विचार करत बसतो, त्या खोलीत मी 'स्वयंपाकीण' म्हटलं असतं तर काय झालं असतं. तू सोमवारी अकरा वाजता एप्रन बांधून उभी राहिली असतीस. सूप घट्ट झालं असतं. आणि जेवण झाल्यावर हात पुसत बाहेर येऊन सगळ्यांची नावं घेतली असतीस, आणि शपथेवर जे बोललीस ते त्याच क्षणी, नव्वद माणसांसमोर खोटं पाडलं असतंस. तुझा बेत तोच होता ना? मला आता दिसतं. ते खोटं तुला फक्त तेवढ्या दारातून आत जाण्यापुरतं हवं होतं.

आयुष्यात तू एकदाच खोटं बोललीस, विला, आणि तेवढंही मी टिकू दिलं नाही.

गेरिट